नागपुरातून यंदाच्या हिवाळ्यात आकाशात काय पाहावे, आणि नेमक्या कोणत्या रात्री?

मानेवाड्याची गच्ची यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी मानेवाडा भागात राहतो. निवृत्तीनंतर पहाटे पाचला फिरायला जाण्याचा नेम ठेवला आहे. १६ नोव्हेंबरच्या पहाटे घराबाहेर पडलो, तेव्हा जवळजवळ डोक्यावर दोन ठळक चांदण्या एकमेकींना अगदी खेटून असलेल्या दिसल्या. एक पांढरी शुभ्र होती, दुसरी तिच्याहून मंद आणि तांबूस. खाली पूर्वेला, दोन इमारतींच्या फटीतून, या दोघींनाही फिके पाडणारी तिसरी चांदणी झळकत होती. घरी येऊन नातीला सांगितले, तेव्हा तिने मोबाइलवर शोधून वरचे दोन गुरू आणि मंगळ, तर खालचा शुक्र असल्याचे सांगितले. साठ वर्षे याच आकाशाखाली काढली आणि हे एकदाही मान वर करून पाहिले नव्हते, याची थोडी लाजच वाटली.

आता आमच्या सोसायटीतील दहा-बारा मुलांना हिवाळ्यातील आकाश दाखवावे असे मनात आहे. मात्र गेल्या वर्षीचा अनुभव फारसा चांगला नाही. ‘आकाशातून उल्कांचा पाऊस’ अशा जाहिरातीला भुलून आमच्यातील तीन कुटुंबे डिसेंबरमध्ये शहराबाहेरच्या एका रिसॉर्टवर मुक्कामाला गेली होती. तेथे जेवणाच्या हिरवळीवर रात्रभर मोठमोठे दिवे जळत होते, ध्वनिक्षेपकावर गाणी चालू होती, आणि पाच तासांत मुलांनी मिळून चार उल्का मोजल्या. त्यातली एक विमान होते की काय, हा वाद परतीच्या प्रवासातही मिटला नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो की, येत्या फेब्रुवारी अखेरपर्यंत मुद्दाम जागे राहावे अशा रात्री कोणत्या आहेत, त्यांपैकी गच्चीवरून काय साधेल आणि कशासाठी गावाबाहेर जावेच लागेल? दुर्बीण विकत घ्यावी का, हेही सांगावे. मुले आठ ते चौदा वर्षांची आहेत आणि सोमवारी त्यांना शाळा असते, हे ध्यानात ठेवून उत्तर दिल्यास उपकार होतील.

तिसऱ्या प्रतीचा तारा यांचे उत्तर

नमस्कार. काटोल रोडवरील माझ्या घराच्या गच्चीवरून मी गेली बावीस वर्षे आकाश पाहतो आहे, त्यामुळे आपल्या चार उल्कांचे मला अजिबात नवल वाटले नाही. उलट, त्या दिव्यांच्या लखलखाटात चार दिसल्या, हे मुलांच्या डोळ्यांचे कौतुक समजावे.

वर्तमानपत्रांत मिथुन उल्कावर्षावाबद्दल ‘ताशी दीडशे उल्का’ असा आकडा छापून येतो. तो खोटा नसतो, पण त्यामागची अट कोणी छापत नाही. उल्का ज्या बिंदूपासून फाकल्यासारख्या दिसतात तो बिंदू थेट डोक्यावर असेल आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसावेत इतके आकाश काळे असेल, तर एका माणसाला तासाभरात तितक्या उल्का दिसतील, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. तेजाची प्रत एकेने वाढत जाते तसा तारा मंद होत जातो. दिसण्याची मर्यादा एका प्रतीने घटली की या वर्षावातील दिसणाऱ्या उल्का सुमारे अडीचपटींनी कमी होतात. मानेवाड्यासारख्या भागातून चौथ्या प्रतीच्या पुढचे तारे दिसणे कठीण असते. म्हणजे मर्यादा अडीच प्रतींनी खाली आली, आणि दीडशेच्या जागी बारा-पंधरा उरल्या. तेवढ्याही गच्चीला पाठ टेकून, तासभर सलग पाहणाऱ्यालाच मिळतात. अधूनमधून मोबाइल पाहणाऱ्याचे डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, त्यामुळे त्याला याच्या निम्म्याही दिसत नाहीत.

एवढे सांगूनही म्हणेन की यंदाचा मिथुन वर्षाव सोडू नका. अमावास्या ९ डिसेंबरला होऊन गेलेली असेल, त्यामुळे मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी-पंचमीचा कोवळा चंद्र रात्री दहाच्या आसपास मावळतो आणि पुढची सगळी रात्र काळीभोर मिळते. इतकी सोयीची तिथी दरवर्षी येत नाही. १३ आणि १४ डिसेंबर या दोन्ही रात्री चांगल्या आहेत, त्यातही १४ तारखेची अधिक. मिथुन राशीतील पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी उत्तरेकडच्या ताऱ्याजवळ या वर्षावाचा उगमबिंदू आहे. नागपूरच्या क्षितिजावर तो संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास ईशान्येला उगवतो आणि रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येतो. संख्या हवी असेल तर मध्यरात्रीनंतरची वेळ उत्तम.

परंतु १४ डिसेंबर हा सोमवार आहे आणि आपली मुले शाळेची आहेत. त्यांच्यासाठी मी संध्याकाळी आठ ते दहा ही वेळ सुचवेन. उगमबिंदू क्षितिजाजवळ असताना उल्का वातावरणाला तिरकस चाटून जातात, संख्येने थोड्या असतात, पण अर्धे आकाश ओलांडणारी लांबलचक रेघ ओढतात. तशी एक जरी दिसली तरी मुले ती विसरणार नाहीत. शनिवारची सोय म्हणून १२ तारीख निवडण्याचा मोह होईल, पण त्या रात्री ऐन भराच्या निम्म्याहून कमी उल्का असतात.

बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीमुळे होतात. मिथुन वर्षाव मात्र ‘फेथॉन’ नावाच्या, लघुग्रहासारख्या खडकाळ गोलाचा आहे. त्याचा शोध १९८३ मध्ये ‘आयरस’ या उपग्रहाच्या निरीक्षणांतून लागला. तो सुमारे १.४ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. त्याच्या मार्गावरचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने आपल्या वातावरणात शिरतात. नोव्हेंबरातील सिंह वर्षावाचे कण याच्या दुप्पट वेगाने येतात, म्हणून मिथुनाच्या उल्का त्यांच्या तुलनेत संथ वाटतात आणि लहान मुलांनाही ‘ती बघ’ म्हणण्याइतका वेळ मिळतो.

४ जानेवारीच्या पहाटेचा क्वाड्रांटिड वर्षाव हट्टी निरीक्षकांसाठी आहे. त्याचा भर काही तासच टिकतो आणि उगमबिंदू आपल्याकडे रात्री एकच्या सुमारास ईशान्येला उगवतो. मुलांना उठवू नका. २४ डिसेंबरच्या ‘सुपरमून’चाही गवगवा होईल. त्या वेळी चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,५७,००० किलोमीटरवर असेल, म्हणजे नेहमीपेक्षा जवळ, हे खरेच. पण शेजारी तुलनेला दुसरा चंद्र नसल्यामुळे तो मोठा असल्याचे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

यंदाच्या हिवाळ्याचे खरे वैभव फेब्रुवारीत आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलताना दिसत नाही. आपण १६ नोव्हेंबरला पाहिलेले तेच दोन ग्रह फेब्रुवारीत प्रतियुतीत येतील, म्हणजे सूर्यास्ताला पूर्वेला उगवतील आणि रात्रभर दिसतील. गुरूची प्रतियुती १० फेब्रुवारीच्या सुमारास आहे आणि मंगळाची १९ फेब्रुवारीला. दोघेही सिंह तारकासमूहात असतील, मंगळ तर मघा ताऱ्याच्या अगदी जवळ. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मध्यरात्री हे दोन्ही ग्रह जवळजवळ डोक्यावर येतील, जेथे धूळ आणि धूर यांचा अडसर सर्वांत कमी असतो. गुरू प्रत्येक वर्षी सुमारे महिनाभर उशिरा प्रतियुतीला येतो आणि मंगळ सुमारे २६ महिन्यांनी, त्यामुळे दोघांच्या प्रतियुती नऊ दिवसांच्या अंतराने आणि एकाच तारकासमूहात येणे हा विरळा योग आहे.

त्यावर कळस म्हणजे २० फेब्रुवारीची शनिवारची रात्र. ती माघी पौर्णिमा आहे. माघ महिन्याचे नावच पौर्णिमेचा चंद्र मघा नक्षत्रापाशी असतो म्हणून पडले, आणि यंदा त्या चंद्राच्या शेजारी मघा, थोडा वर तांबडा मंगळ आणि पलीकडे गुरू अशी मांडणी दिसेल. पौर्णिमेच्या उजेडात तारे फिके पडतात, पण हे सारे सोबती भर शहरातूनही दिसण्याइतके तेजस्वी आहेत. त्याच रात्रीच्या उत्तरार्धात, २१ तारखेच्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास, छायाकल्प चंद्रग्रहणाचा मध्य आहे. चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ छायेतून जातो, त्यामुळे त्याचा लचका तोडल्यासारखा दिसत नाही, केवळ एका बाजूला काजळी धरल्यासारखी वाटते. पंचांगात हे ग्रहण पाळले जात नाही, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांची हरकत येण्याचे कारण नाही.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. मंगळ चंद्राएवढा दिसणार, असा संदेश फेब्रुवारीत आपल्या मोबाइलवर नक्की येईल. तो संदेश २००३ सालापासून फिरतो आहे. त्या वर्षी मंगळ साडेपाच कोटी किलोमीटरांहून थोडा अधिक इतक्या अंतरावर आला होता, यंदा तो सुमारे १० कोटी किलोमीटरवर असेल. दुर्बिणीशिवाय तो ठळक तांबडा ठिपकाच दिसेल, कारण त्याचे बिंब चंद्रबिंबाच्या सव्वाशेव्या भागाहूनही लहान आहे.

दुर्बीण आता घेऊ नका. प्रथम १० बाय ५० किंवा ७ बाय ५० ची द्विनेत्री घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तिच्यातून गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, जे गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले होते. हात स्थिर राहत नसल्यास कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवावे. पाण्याच्या टाकीचाही चांगला उपयोग होतो.

सिल्लारीची वाट यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे, पण उल्कांसाठी गच्चीवर समाधान मानावे, हे मला पटत नाही. नागपूरकरांच्या हाताशी जे आहे ते पुण्या-मुंबईच्या आकाशप्रेमींना हेवा वाटावा असे आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड वर न जाता केवळ जमिनीवर पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. शहरापासून हा परिसर साधारण ७० किलोमीटर आहे. वर दिलेला अडीचपटीचा हिशेब येथे उलट्या बाजूने लावून पाहा. साडेपाचव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसले, तर पंधरा उल्कांच्या जागी पन्नासहून अधिक होतात.

मात्र दोन गोष्टी स्पष्टपणे सांगायला हव्यात. हे व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे, तेथे रात्री गाडी थांबवून वाटेल त्या माळावर सतरंजी पसरता येत नाही. वनविभागाची परवानगी आणि राहण्याची व्यवस्था आधी करूनच निघावे. दुसरी गोष्ट थंडीची. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. जंगलातील तलावाकाठी, उघड्यावर, हालचाल न करता तीन तास पडून राहिल्यावर दहा अंशही हाडांत शिरतात. जमिनीचा गारवा अंगात येऊ नये म्हणून खाली जाड गादी किंवा गवताचा थर हवा, नुसत्या वरच्या गोधडीने भागत नाही. द्विनेत्रीच्या भिंगावर पहाटे दव धरते, ते पुसू नये, क्षणभर जॅकेटच्या आत धरावे.

परतीच्या वाटेवर धुके असते, म्हणून मी स्वतः उजाडल्याशिवाय गाडी काढत नाही. मनसरला गरम तर्री-पोहे मिळतात, तेवढा विलंब कोणालाही सोसतो.

पौषातली पहाट यांचे उत्तर

मानेवाड्याच्या काकांना नमस्कार. मी शाळेत भूगोल शिकवते आणि दर हिवाळ्यात मुलांना शाळेच्या गच्चीवर एक रात्र घेऊन जाते. त्या अनुभवावरून सांगते की, ‘अमुक रात्री अमुक घटना’ या क्रमाने मुलांचे आकाश सुरू करू नये. पहिल्याच रात्री उल्का पाहायला नेले तर मुले कंटाळतात, कारण दोन उल्कांच्या मधल्या दहा मिनिटांत काय पाहायचे हे त्यांना ठाऊक नसते. आधी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, चंद्र नसताना, त्यांची आकाशाशी ओळख करून द्यावी.

सुरुवात मृगापासून करा. रात्री नऊला पूर्वेकडे पाहिले की मृगाचे चार पाय चौकोनासारखे आणि त्यांच्यामध्ये एका ओळीत तीन तारे दिसतात. आमच्या आजीच्या तोंडी त्यांना ‘तिकांडे’ असे नाव होते, व्याधाने मारलेला आणि मृगाच्या पोटात रुतलेला बाण. बाणाची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवली की थोड्या वेळाने तेथेच व्याध उगवतो, जो रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा असून आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. रेघ वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा घोस. एवढी एक रेघ मुलांना आली की निम्मे हिवाळी आकाश त्यांचे झाले. बाणाखाली तीन मंद ठिपक्यांची छोटी ओळ आहे, तिच्यातील मधला ठिपका द्विनेत्रीतून धुरकट दिसतो. तो मृगातील तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा, जेथे आजही तारे जन्माला येत आहेत.

कृत्तिका मोजायला सांगणे हा माझा आवडता खेळ आहे. प्रत्येक मुलाने न बोलता मोजावे आणि कागदावर आकडा लिहावा. मानेवाड्यातून बहुधा चार-पाच येतील, गावाबाहेर सहा, आणि एखाद्या तीक्ष्ण डोळ्यांच्या मुलीला सात. प्रकाशप्रदूषण म्हणजे काय, हे मला वर्गात अर्धा तास बोलून समजावता येत नाही, ते या आकड्यांच्या फरकातून आपोआप समजते.

आता गच्चीवरूनच पाहता येईल अशी, आणि कोणत्याही बातमीत न येणारी घटना सांगते. ययाति तारकासमूहात मायावती नावाचा तारा आहे. डिसेंबरच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून मान बरीच वर केली की तो सापडतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचे तेज २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत उतरते आणि पुन्हा चढते, या साऱ्याला मिळून सुमारे दहा तास लागतात. एका ताऱ्याभोवती दुसरा मंद तारा फिरतो आणि आपल्या दिशेने त्याला अंशतः झाकतो, म्हणजे हे एक ग्रहणच आहे. जॉन गुडरिक नावाच्या, ऐकू न येणाऱ्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने १७८३ मध्ये या बदलाचा काळ मोजून हे कारण सुचवले होते, आणि त्याच्याजवळ यासाठी स्वतःच्या डोळ्यांशिवाय काही नव्हते. ही गोष्ट सांगितल्यावर माझ्या वर्गातील दोन मुलींनी महिनाभर वही ठेवली. मंदावण्याची वेळ दर तीन दिवसांनी सुमारे तीन तास अलीकडे सरकते, त्यामुळे एक रात्र हुकली तरी पुढची सोयीची वेळ मिळते. स्टेलॅरियमसारख्या मोफत ॲपमध्ये ताऱ्याची जागा नीट दिसते.

फेब्रुवारीसाठी माझी एक वेगळी शिफारस आहे. अगस्त्य. व्याधानंतरचा हा दुसरा सर्वांत तेजस्वी तारा दक्षिणेला इतका खाली आहे की दिल्लीकरांना तो क्षितिजाच्या वर जेमतेम नऊ अंश दिसतो. आपल्याकडे तो सोळा अंशांपर्यंत चढतो. हात पूर्ण लांबवून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, म्हणजे क्षितिजापासून दीड मुठीवर तो शोधायचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री सव्वानऊच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला असतो, व्याधाच्या खाली, किंचित उजवीकडे. विंध्याला वाकवून दक्षिणेत उतरलेले आणि परत न गेलेले ऋषी म्हणून या ताऱ्याची कथा सांगावी, आणि रामटेकच्या टेकडीवर अगस्त्य मुनींचा आश्रम असल्याची आठवणही करून द्यावी. आमच्या भागातील मुले रामटेकला सहलीला गेलेली असतातच, त्यामुळे तारा एकदम त्यांच्या ओळखीचा होतो. मात्र त्यासाठी शहराची उजळण पाठीमागे असावी. आपण मानेवाड्यात, म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाला आहात, ही आपली जमेची बाजू समजावी. तरीही बुटीबोरीच्या दिशेचा उजेड थोडा त्रास देईल.

मानेवाड्याची गच्ची

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. पहिल्या उत्तरात फेब्रुवारीत गुरू सिंहेत असेल असे म्हटले आहे. आमच्या सौभाग्यवतींनी पंचांग उघडून दाखवले की जानेवारीच्या अखेरीस गुरू वक्री होऊन पुन्हा कर्केत जातो. सिंहस्थ चालू असल्याने घरात या विषयाची जाण जरा अधिक आहे. आता चूक कोणाची?

तिसऱ्या प्रतीचा तारा

चूक कोणाचीच नाही, आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा, कारण हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. पंचांगातील राशी म्हणजे सूर्यमार्गाचे प्रत्येकी तीस अंशांचे बारा समान तुकडे. मी म्हटलेला सिंह हा तारकासमूह आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सगळ्या आकाशाचे ८८ तारकासमूहांत वाटप करून त्यांच्या सीमा ठरवल्या, त्या समान नाहीत. सूर्यमार्गावर सिंह तारकासमूहाची पश्चिम सीमा पंचांगातील सिंह राशीच्या आरंभापेक्षा काही अंश अलीकडे, कर्केच्या हद्दीत येते. फेब्रुवारीत गुरू नेमका त्या मधल्या पट्ट्यात आहे. पंचांगाने तो कर्केच्या शेवटी, आश्लेषेत आहे, आणि आकाशाच्या नकाशाने सिंहाच्या डोक्याजवळ. ग्रह तोच, जागा तीच, फक्त कुंपण दोन प्रकारचे.

गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षे लागतात, म्हणून तो साधारण बारा वर्षांनी त्याच राशीत येतो आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ भरतो, हे मुलांना या निमित्ताने जरूर सांगा. तेथे जाणाऱ्या लाखो लोकांपैकी कितीजण तो गुरू प्रत्यक्ष पाहतात, हे विचारायचे मी टाळतो.

सिंदेवाहीकर

उल्का की विमान, या वादावर दोन शब्द. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भातल्या बहुतेकांनी आकाशात जळत जाणारी तुकड्यांची रांग पाहिली आणि कित्येकांनी ती उल्का समजली. नंतर आमच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. ते चिनी प्रक्षेपकाचे अवशेष होते. त्या वेळी मी अंगणात उभा होतो आणि घरातल्यांना हाक मारून बाहेर बोलावून दाखवण्याइतका अवधी मिळाला होता. तीच खूण लक्षात ठेवावी. उल्का हाक मारायला वेळ देत नाही, डोळा मिटून उघडेपर्यंत संपते. मिथुनातील संथ म्हटली जाणारीही एक-दोन सेकंदांचीच असते. विमानाचे दिवे लुकलुकतात, आणि कृत्रिम उपग्रह न लुकलुकता काही मिनिटे सरळ चालत जातो व मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतो. वाद टाळायचा असेल तर मुलांना उल्केचा मार्ग मागे वाढवून पाहायला सांगा. तो मिथुनातील त्या बिंदूकडे जात असेल तर ती त्या वर्षावाची, नसेल तर एखादी भटकी उल्का. त्या दोन्ही वहीत वेगळ्या रकान्यात मांडाव्यात.

पौषातली पहाट

काका, वही लिहायला उजेड लागेल, म्हणून आठवण करते. बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधावा, लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. संक्रांतीच्या पतंगाचा लाल कागद दोन घड्या करून लावला तर पुरेसा होतो, आणि डिसेंबरात तो प्रत्येक मुलाच्या घरी असतोच.

मानेवाड्याची गच्ची

आज संध्याकाळी मुलांना बोलावून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. ५ डिसेंबरच्या शनिवारी रात्री गच्चीवर मृग, रोहिणी आणि कृत्तिकांची मोजणी. १४ तारखेला आठ ते दहा उल्का, त्यानंतर मुले झोपायला जातील आणि आम्ही चार मोठी माणसे दोन वाजेपर्यंत बसू. सिल्लारीचा बेत जानेवारीतील अमावास्येच्या, म्हणजे ७ तारखेच्या जवळच्या शनिवारी ठेवला आहे आणि राहण्याच्या परवानगीची चौकशी उद्याच करतो. उल्कांसाठी नाही, पण मुलांना सहावी-सातवी कृत्तिका तेथे दिसावी म्हणून. माघी पौर्णिमेला सगळी सोसायटी वर येईल असे दिसते, कारण ग्रहण पाळायचे नाही हे कळल्यावर दोन घरांनी मसाला दुधाची जबाबदारी आपणहून घेतली आहे.

गच्चीवरच्या दोन मोठ्या दिव्यांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ते वेळेवर आपोआप लागतात आणि त्यांच्या पेटीची किल्ली चौकीदाराकडे असते. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की दिवे बंद करायला सचिवांची चिठ्ठी लागेल. चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. सचिवांची सही मिळाली की बारा तारखेच्या रात्री एकदा दिवे मालवून, मानेवाड्यातून खरोखर कितव्या प्रतीपर्यंत दिसते ते मोजतो आणि येथे कळवतो.